प्रोफेसर फ्रिट्झ झ्विकी

ज्या ज्योतिर्विदाचें चरित्र आम्ही यंदाच्या अंकांत वाचकांपुढें ठेवीत आहोंत, त्यांचें नांव आपल्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. न्यूटन, गॅलिलिओ, आईन्स्टाईन हीं नांवें लहान मुलांच्याही तोंडीं असतात. परंतु आम्हीं वर्गांत झ्विकी हें नांव उच्चारलें तेव्हां तें एखाद्या औषधाचें असावें असा कित्येकांचा समज झाला. ज्योतिषाच्या अभ्यासकांत मात्र हें नांव सर्वश्रुत आहे. विश्वांत जेवढें द्रव्य दिसतें त्याहून न दिसणारें द्रव्य कितीतरी पटींनीं अधिक आहे, आणि त्याची साक्ष केवळ त्याच्या ओढीवरून मिळते, ही गोष्ट दीर्घिकांच्या एका अवाढव्य समूहाचें वजन काढून ज्यांनीं प्रथम दाखविली, ते हे गृहस्थ होत. पुढें सुमारें चाळीस वर्षें हा हिशेब फारसा कोणीं मनावर घेतला नाहीं. असें कां झालें, त्यांत दोष जगाचा किती व त्यांचा स्वतःचा किती, हें पाहण्यासाठींच आम्हांस हें चरित्र लिहावेंसें वाटलें.

फ्रिट्झचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजीं बल्गेरिया देशांतील वार्ना या काळ्या समुद्राच्या कांठच्या बंदरांत झाला. वडील फ्रिडोलिन हे मूळचे स्वित्झर्लंडमधील ग्लारूस प्रांताचे. व्यापारानिमित्त ते वार्ना येथें स्थायिक झाले होते, व पुढें तेथें नॉर्वे देशाच्या वकिलातीचें कामही त्यांनीं पाहिलें. आई झेक वंशाची होती. मुलानें व्यापार शिकावा अशी वडिलांची इच्छा. म्हणून वयाच्या सहाव्या वर्षींच त्याची रवानगी ग्लारूस येथें आजीआजोबांकडे झाली. आमच्या वसतिगृहांत दर जून महिन्यांत नवीं मुलें येतात, तेव्हां पहिल्या आठ दिवसांत दिवे मालवल्यावर जें ऐकूं येतें, त्यावरून त्या मुलाच्या मनाची कल्पना आम्हांस थोडीबहुत करतां येते. त्या एकलेपणानेंच पुढें त्याच्या स्वभावास कठीण कवच आलें कीं काय, हें सांगणें अवघड आहे. एवढें खरें कीं, ग्लारूसच्या डोंगरांनीं त्यास लळा लावला. कडे चढण्याची हौस व शरीरबळाचा अभिमान हीं दोन्ही त्यास जन्मभर पुरलीं.

व्यापाराच्या वह्यांत त्याचें मन रमेना. गणित व पदार्थविज्ञान हे त्याच्या आवडीचे विषय. तेव्हां वडिलांची इच्छा बाजूस राहून तो झुरिच येथील प्रसिद्ध पॉलिटेक्निकमध्यें दाखल झाला. आईन्स्टाईन याच संस्थेचे विद्यार्थी, व कांहीं काळ तेथें अध्यापकही होते. मिठासारख्या स्फटिकांच्या घडणीवर प्रबंध लिहून १९२२ सालीं फ्रिट्झनें डॉक्टरची पदवी मिळविली. तीन वर्षांनीं, म्हणजे १९२५ सालीं, रॉकफेलर शिष्यवृत्ति घेऊन तो अमेरिकेंतील पॅसाडिना येथें गेला. तेथील तंत्रविद्येच्या संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मिलिकन हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. हा तरुण आपल्याकडे अणूंच्या अभ्यासांत पडेल अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु जवळच माउंट विल्सनच्या शिखरावर त्या काळची जगांतील सर्वांत मोठी, शंभर इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी होती. आणि ज्यास लहानपणापासून शिखरांचें वेड, तो अशा शिखरापासून किती दिवस दूर राहणार? स्फटिकांचा अभ्यासक म्हणून आलेले झ्विकी अखेरपर्यंत त्याच गांवीं ज्योतिषी म्हणून राहिले. गंमत अशी कीं, सारें आयुष्य अमेरिकेंत काढूनही त्यांनीं आपलें स्विस नागरिकत्व सोडलें नाहीं.

पुढील गोष्ट समजण्यासाठीं त्या वेळच्या ज्योतिषाची स्थिति थोडी सांगितली पाहिजे. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्योतिर्विलास’ लिहून मराठी वाचकांस आकाशाची गोडी लावली, त्या काळीं आपल्या आकाशगंगेपलीकडे दुसऱ्या आकाशगंगा आहेत कीं नाहींत हें निश्चित ठाऊक नव्हतें. दुर्बिणींतून जे अंधुक ढग दिसत, त्यांपैकीं कित्येक ढग स्वतंत्र तारकाविश्वें आहेत, हें एडविन हबल यांनीं माउंट विल्सनवरून १९२४ च्या सुमारास सिद्ध केलें. अशा एकेका विश्वास आपण दीर्घिका म्हणतों. दीर्घिका एकएकट्या असतात तशाच थव्यांनींही असतात. अरुंधती-केश नांवाचें जें तारामंडल आहे, त्याच्या दिशेस, परंतु त्याच्या कितीतरी पलीकडे, असा एक थवा आहे व त्यांत हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. आजच्या मोजणीप्रमाणें तो आपणांपासून सुमारें ३२ कोटी प्रकाशवर्षें दूर आहे.

इतक्या लांबच्या वस्तूचा वेग कसा मोजावयाचा? आमच्या नरडाणे स्टेशनावर संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्यांस याचें उत्तर कानांनीं मिळालेलें आहे. भुसावळकडून सुरतेकडे न थांबतां जाणारी गाडी शिटी फुंकीत येते तोंवर तिचा स्वर चढा असतो. इंजिन आपणांस ओलांडून गेलें कीं तोच स्वर एकदम खालीं उतरतो. ड्रायव्हरानें शिटी बदललेली नसते. जवळ येणाऱ्या वस्तूचे ध्वनितरंग दाटतात व दूर जाणाऱ्या वस्तूचे विरळ होतात, एवढाच त्याचा अर्थ. प्रकाशाचेंही तसेंच आहे. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या वर्णपटांतील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात, व किती सरकल्या यावरून वेग निघतो.

थव्यांतील सर्वच दीर्घिका आपणांपासून दूर जात आहेत, परंतु सगळ्या एकाच वेगानें नव्हे. सरासरीपेक्षां कांहीं पुढें पळतात, कांहीं मागें राहतात. म्हणजे मोहोळाभोंवतीं माशा घोंघावाव्या तशा त्या थव्याच्या आंत इकडून तिकडे धांवत आहेत. आतां इतक्या वेगानें धांवणाऱ्या माशा उधळून कां जात नाहींत? त्यांना धरून ठेवणारी एकच शक्ति तेथें संभवते, ती गुरुत्वाकर्षणाची. गोफण फिरविणाऱ्या राखणदारास हें पुस्तकावांचून ठाऊक आहे. दगड जितका जोरानें फिरवावा तितकी दोरी हातास ओढते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते, आणि दोरी कच्ची असेल तर दगड भलतीकडे जातो. थव्यांतील दोरी म्हणजे त्यांतील एकंदर द्रव्याची ओढ. तेव्हां वेग मोजला कीं दोरीचा जोर कळला, व दोरीचा जोर कळला कीं द्रव्य किती तें कळलें.

झ्विकी यांनीं १९३३ सालीं हाच हिशेब मांडला. थव्यांत सुमारें आठशें दीर्घिका धरल्या. प्रत्येकीच्या प्रकाशावरून तिच्यांत सूर्याच्या शंभर कोटी पट द्रव्य असावें असें त्या काळचें अनुमान होतें, तें घेतलें. एवढ्या द्रव्याच्या ओढीनें बांधलेल्या थव्यांत दीर्घिकांचा आपसांतील वेग सेकंदास सुमारें ८० किलोमीटर असावयास पाहिजे होता. प्रत्यक्ष वेध पाहतां तो १००० किलोमीटरांच्या घरांत आढळला! दोरी कच्ची आणि दगड मात्र सुटत नाहीं, असा हा प्रकार. यावरून त्यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या हिशेबानें जें द्रव्य निघतें त्याच्या निदान चारशें पट द्रव्य तेथें असलें पाहिजे, व तें प्रकाश देत नाहीं. आपल्या जर्मन लेखांत त्यांनीं त्यास कृष्णद्रव्य असें नांव दिलें. हा लेख स्वित्झर्लंडमधील एका पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

कपाशीच्या हंगामांत आपल्याकडील काळ्या रानांतून रात्रीं एखादी गाडी निघून जाते. सकाळीं गाडी नसते, गाडीवान नसतो. राहते ती चाकोरी. ती किती खोल रुतली आहे हें पाहून अनुभवी शेतकरी गाडी रिकामी होती कीं भरलेली हें सांगतो. झ्विकी यांनीं केलें तें याहून निराळें नव्हे. आमच्यासारख्या शाळेंत अदृश्याचा विषय निघाला कीं तो बहुधा प्रार्थनेच्या तासाला निघतो, म्हणून येथें एक खुलासा करतों: या अदृश्य द्रव्यावर कोणीं श्रद्धा ठेवावी अशी झ्विकी यांची मागणी नव्हती. हिशेब तपासून पाहा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

श्रेयाच्या बाबतींत न्यायबुद्धीनें बोलावयाचें तर, न दिसणाऱ्या द्रव्याची शंका झ्विकी यांच्या आधींही कांहींजणांस आली होती. हॉलंडमधील काप्टाइन यांनीं १९२२ सालीं व त्यांचेच देशबंधु ऊर्ट यांनीं १९३२ सालीं आपल्या सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांच्या गतीवरून असा विचार केला होता. परंतु त्यांचा प्रश्न थोड्याफार उणिवेचा होता. चारशें पट उणीव दाखविणारे झ्विकीच पहिले. १९३६ सालीं सिंक्लेअर स्मिथ यांनीं कन्या राशींतील दीर्घिकांच्या थव्यावर तोच प्रयोग केला व त्यांसही मोठी तूट आढळली. दुसऱ्या वर्षीं झ्विकी यांनीं इंग्रजींत विस्तृत लेख लिहून आपलें म्हणणें पुन्हा मांडलें. इतकें होऊनही ज्योतिषी स्वस्थ राहिले. कोणी म्हणे वेध थोडे आहेत, कोणी म्हणे थवा मुळीं बांधलेलाच नसून उधळत चालला असेल. अशा शंका अगदींच वावग्या नव्हत्या. पण त्या सोडविण्याची तळमळ फारशी कोणास नव्हती, हें खरें दुःख.

या उपेक्षेचें एक कारण स्वतः झ्विकी हेच होते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांची जीभ तिखट होती. सहकाऱ्यांस ते चारचौघांत मूर्ख ठरवीत, व त्यांच्यासाठीं त्यांनीं बनविलेल्या शिव्या आजही ज्योतिष्यांच्या गप्पांत सांगितल्या जातात; आमच्या मासिकांत त्यांना जागा नाहीं. भोजनगृहांत एका हातावर जोर काढून दाखवून ते समोरच्या पंडितांस आव्हान देत असत, अशीही आख्यायिका आहे. वाल्टर बाडे या जर्मन ज्योतिष्याबरोबर त्यांनीं अत्यंत महत्त्वाचें संशोधन केलें, परंतु पुढें दोघांत इतकें वितुष्ट आलें कीं बाडे त्यांच्या सावलीसही उभे राहत नसत. उतारवयांत, १९७१ सालीं, त्यांनीं दीर्घिकांची एक सूची स्वतः छापून काढली. तिच्या प्रस्तावनेंत त्यांनीं नांवें घेऊन समकालीन ज्योतिष्यांवर कोरडे ओढले आहेत. जो माणूस दहा गोष्टी सांगतांना आठ जणांस दुखवितो, त्याची अकरावी गोष्ट ऐकावयास कोण थांबणार? आणि त्यांच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या निघाल्या असेंही नाहीं. दूरच्या प्रकाशाचा तांबडेपणा दीर्घिका पळत असल्यामुळें नसून प्रकाश वाटेंत थकल्यामुळें येतो, अशी कल्पना त्यांनीं १९२९ सालीं काढली होती. ती टिकली नाहीं. म्हणजे ऐकणाऱ्यास त्यांच्या अफाट कल्पनांतून सोनें कोणतें व पितळ कोणतें हें ओळखणें सोपें नव्हतें.

परंतु सोनें किती निघालें तें पाहा. १९३४ सालीं बाडे व झ्विकी यांनीं मिळून सांगितलें कीं, कांहीं प्रचंड तारे आयुष्याच्या शेवटीं स्फोट पावतात, त्या स्फोटाची चमक अब्जावधि सूर्यांइतकी असते, व मागें न्यूट्रॉन नांवाच्या कणांचा बनलेला अतिशय घट्ट असा लहानसा तारा उरतो. न्यूट्रॉनचा शोध लागून त्या वेळीं दोनच वर्षें झालीं होतीं! लोकांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली. १९६७ सालीं जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस नियमित ठोके देणारा एक रेडिओ-तारा सांपडला, आणि तो न्यूट्रॉन तारा असल्याचें लवकरच कळून आलें. हें पाहावयास झ्विकी हयात होते. दीर्घिकेच्या ओढीनें तिच्या पाठीमागील वस्तूचा प्रकाश वांकून भिंगांतून पाहिल्यासारखीं दुहेरी चित्रें दिसतील, व त्यावरून दीर्घिकेचें वजन काढतां येईल, असें त्यांनीं १९३७ सालीं लिहिलें. असें पहिलें दुहेरी चित्र आढळलें तें १९७९ सालीं. आज कृष्णद्रव्य कोठें किती सांचलें आहे याचे नकाशे ज्योतिषी काढतात ते मुख्यतः याच युक्तीनें.

स्फोट पावणारे तारे शोधण्यासाठीं त्यांनीं नव्या धर्तीची, एकाच वेळीं आकाशाचा मोठा भाग टिपणारी अठरा इंची दुर्बीण मागितली. १९३६ पासून पॅलोमार पर्वतावर ती चालूं झाली. रात्रीमागून रात्र फोटो घ्यावयाचे व जुन्या फोटोंशीं ताडून पाहावयाचे, हें कंटाळवाणें काम या चिडखोर गृहस्थानें वर्षानुवर्षें केलें, व एकट्यानें असे शंभराहून अधिक तारे हुडकून काढले. १९६१ ते १९६८ या काळांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दीर्घिका व त्यांचे समूह यांची सहा खंडांची सूची प्रसिद्ध केली. ती आजही उपयोगांत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं अग्निबाणांच्या कारखान्यांत संशोधनाचें काम केलें, व त्याबद्दल १९४९ सालीं अमेरिकन सरकारनें त्यांस स्वातंत्र्यपदक दिलें. परंतु आम्हांस त्यांची याहून दुसरी एक गोष्ट अधिक सांगण्यासारखी वाटते. युद्धांत युरोप व आशिया खंडांतील कित्येक ग्रंथालयें जळालीं होतीं. झ्विकी यांनीं शास्त्रीय मासिकांचे जुने अंक ठिकठिकाणांहून मागून आणले, गठ्ठे बांधले व तीं ग्रंथालयें पुन्हा उभीं राहावीं म्हणून परदेशीं पाठविले. अनाथ मुलांसाठीं काम करणाऱ्या पेस्टालॉझी संस्थेचाही भार त्यांनीं बरीच वर्षें वाहिला. ज्या हातानें ते सहकाऱ्यांस आव्हान देत, त्याच हातानें हे गठ्ठे बांधले गेले. माणसाचा हिशेब दीर्घिकेच्या हिशेबाहून अवघड असतो म्हणावयाचें!

आतां पुन्हा कृष्णद्रव्याकडे वळूं. १९७० सालीं अमेरिकेंतील व्हेरा रुबिन नांवाच्या विदुषीनें केंट फोर्ड यांच्या साह्यानें देवयानी दीर्घिकेंतील तेजोमेघांचे वेग मोजले. खळ्यांत मळणीची पात चालते तेव्हां तिवड्याजवळचा बैल हळू चालतो व कडेच्या बैलास धांवावें लागतें, कारण ते एका दावणींत बांधलेले असतात. ग्रह असे बांधलेले नाहींत. सूर्यापासून जसजसें दूर जावें तसतशी त्याची ओढ कमी, म्हणून वेगही कमी: बुध सेकंदास सुमारें ४७ किलोमीटर, आपली पृथ्वी ३०, आणि नेपच्यून अवघा ५. दीर्घिकेंतही बहुतेक प्रकाश मध्यभागीं असल्यामुळें कडेचे तारे हळू चालतील अशी सर्वांची समजूत होती. रुबिन यांना तसें आढळलें नाहीं. कडेचा वेग मध्याच्या मानानें उतरतच नव्हता. पुढें हायड्रोजन वायूच्या रेडिओ-लहरी टिपून ताऱ्यांच्याही पलीकडचे वेग मोजले, तरी तीच कथा. म्हणजे दिसणाऱ्या चकतीच्या बाहेर दूरवर काळोखांत द्रव्याचा मोठा वेढा आहे, व तोच कडेच्या ताऱ्यांस धरून ठेवतो. आपली आकाशगंगाही अशाच वेढ्यांत आहे. या विषयाला सर्वमान्यता मिळवून देणारे दोन महत्त्वाचे निबंध, एक एस्टोनियांतील व दुसरा अमेरिकेंतील पंडितांचा, १९७४ सालीं प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षीं ८ फेब्रुवारी रोजीं पॅसाडिना येथें प्रोफेसर झ्विकी मरण पावले. शहात्तरावा वाढदिवस सहा दिवसांवर होता. दोन्ही निबंध त्यांच्या मागून निघाले. त्यांचा देह ग्लारूस प्रांतांतील मोलिस या गांवीं नेऊन पुरण्यांत आला. सहा वर्षांच्या मुलास ज्या डोंगरांत पाठविलें होतें त्याच डोंगरांत.

त्यांचा आंकडा मात्र जसाच्या तसा टिकला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. त्या काळीं दीर्घिकांचीं अंतरें फार कमी धरलीं जात. तीं सुधारतां चारशें पटींची तूट पन्नासच्या आसपास आली. पुढें क्ष-किरणांच्या दुर्बिणींनीं दाखविलें कीं, अशा थव्यांत कोट्यवधि अंश उष्णतेचा विरळ वायु भरलेला आहे व त्याचें वजन सर्व ताऱ्यांहून कितीतरी अधिक आहे. तेवढें द्रव्य झ्विकी यांस दिसलें नव्हतें म्हणून तेंही त्यांच्या कृष्णद्रव्यांत जमा झालें होतें. हें सारें वजा केलें तरी तूट उरतेच. आजच्या हिशेबानें विश्वांत साध्या द्रव्याचा एक वांटा असेल तर कृष्णद्रव्याचे पांच वांटे निघतात. झ्विकी यांस वाटे कीं हें द्रव्य म्हणजे मंद तारे, थंड गोल, वायु असेंच कांहीं असेल. आतां तसें मानतां येत नाहीं. कारण विश्वाच्या आरंभीं साधें द्रव्य एकंदर किती निर्माण झालें हें स्वतंत्र रीतीनें कळलें आहे व तें पुरत नाहीं. हें कांहीं निराळ्याच जातीचें द्रव्य असावें. प्रकाशाशीं त्याचा संबंध नाहीं. ओढ तेवढी आहे. विश्वाच्या बाल्यांत प्रथम त्याचेच गोळे जमले, त्यांच्या ओढीनें साधा वायु आंत ओघळला, थंडावला, त्याचे तारे झाले, आणि त्यांतल्या एका ताऱ्याभोंवतीं पृथ्वी. ओलाव्यानें माती धरून ठेवावी तसें त्यानें दीर्घिकांस धरून ठेवलें नसतें, तर हा लेख लिहावयास व वाचावयास कोणी नसतें.

तें द्रव्य कसल्या कणांचें आहे, याचा शोध जमिनीखालीं खोल खाणींतून यंत्रें मांडून चालूं आहे. अद्याप एकही कण हातीं लागलेला नाहीं. कांहीं पंडितांचें म्हणणें असें कीं असें द्रव्य नाहींच, गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरावर निराळा असेल; हा विचार १९८३ सालीं मिलग्रोम यांनीं मांडला. आम्हांस यावरून फ्रान्समधील लव्हेर्ये यांची आठवण होते. प्रजापति ग्रहाची चाल चुकते असें पाहून त्यांनीं गणितानें न दिसलेल्या ग्रहाची जागा सांगितली, व १८४६ सालीं नेपच्यून तेथेंच सांपडला. मग बुधाची चाल चुकते म्हणून त्यांनीं सूर्याजवळ दुसराही एक अदृश्य ग्रह कल्पिला. तो कधींच सांपडला नाहीं, कारण तेथें चूक नियमाचीच होती, व १९१५ सालीं आईन्स्टाईन यांनीं ती दुरुस्त केली. एकाच माणसाचा एकच तर्क एकदां खरा ठरला व एकदां फसला. थव्यांचे वेध, दीर्घिकांचे वेग व प्रकाशाचें वांकणें हीं तिन्ही एकत्र घेतलीं असतां बहुतेक ज्योतिषी आज कृष्णद्रव्याच्याच बाजूचे आहेत, एवढें म्हणतां येईल.

या कामांत आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें प्रत्येकीं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ-दुर्बिणी कै. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभ्या राहिल्या. हायड्रोजन वायूच्या ज्या लहरींवरून दीर्घिकांच्या कडेचे वेग कळतात, त्या तेथें टिपतां येतात. पुण्याच्या आयुका संस्थेंतील संशोधकांनीं इतर सहकाऱ्यांसह २०१७ सालीं मीन राशीच्या दिशेस, सुमारें चारशें कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकासमूहांचा एक महासमूह शोधून काढला व त्यास सरस्वती असें नांव दिलें.

आमच्या वाचकांपैकीं कोणास झ्विकी यांचा थवा कोठें आहे हें पाहावयाचें असेल, तर वैशाखांतील अंधाऱ्या पक्षांत रात्रीं नवाच्या सुमारास महामार्ग व औद्योगिक वसाहत यांचे दिवे पाठीशीं टाकून तापीच्या बाजूस रानांत जावें. डोक्यावर सिंहाच्या शेपटींतील उत्तरा फाल्गुनीची ठळक चांदणी व पूर्वेकडे नारिंगी झांक असलेली स्वाती ओळखावी. दोहोंच्या मध्यें बारीक ताऱ्यांचा एक विरळ झुबका दिसतो, तेंच अरुंधती-केश. ते तारे आपल्याच आकाशगंगेंतील आहेत. त्यांच्या किंचित् स्वातीकडील अंगास जी जागा डोळ्यांस अगदीं रिकामी वाटते, तेथें तो आहे.